राघूबाबाचं आठवं दावं

"म्हशीला मागनं. आधी तुमी टोचून घ्या."

राघूबाबा माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी कोण, कुठला, एवढा घामाघूम होऊन त्याच्या अंगणात का उभा आहे, यातलं काहीही त्यानं विचारलं नव्हतं. माझ्या हातातली सिरिंज बघून त्यानं सरळ निकाल देऊन टाकला होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी पोलादपूर तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात नव्यानं लागलो होतो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण डोंगरातली माणसं मला डॉक्टर म्हणायची आणि त्यांची ती चूक सुधारण्याइतका मनाचा मोठेपणा माझ्यात नव्हता. मी मूळचा महाडजवळच्या नाते गावचा. आमच्याकडे भातखाचरं सपाट, माणसं बोलकी आणि म्हशी दारातच बांधलेल्या. इथं पहिल्याच महिन्यात मला माचीवाडीला पिटाळलं. डांबरी रस्ता संपतो तिथून दोन तासांची चढण, वर वाऱ्यानं झोडपलेला माळ, आणि माळाच्या कडेला गवळी धनगरांची सात घरं म्हणजे माचीवाडी. पावसाळ्याआधी तिथल्या म्हशींना घटसर्पाची लस टोचायची होती. लस थंड ठेवावी लागते, म्हणून खांद्याला पेटी आणि हातात बर्फाचा थर्मास असा मी वर पोचलो होतो. सहा घरं बिनबोभाट झाली. सातव्या घरी हा उभा होता. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक, डोक्याला मळका फेटा, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता, आणि डोळे असे बारीक केलेले की समोरचा माणूस कायम उन्हातच उभा आहे असं वाटावं.

"अहो बाबा, हे जनावराचं औषध आहे," मी म्हणालो.

"म्हशीला सोसतं ते मानसाला सोसाया नको?"

"हा जनावरांचा घटसर्प. तो माणसाला होत नाही."

"असंल बी," राघूबाबा म्हणाला, "नि नसंल बी. आनि ह्ये थंड कशापायी ठेवलंय? चांगल्या वस्तूला थंड ठेवाया लागत नाय."

'असंल बी नि नसंल बी' हे त्याचं जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दलचं मत होतं. आज मंगळवार आहे म्हटलं तरी हेच. एसटी साडेचारला सुटते म्हटलं तरी हेच, आणि एसटीच्या बाबतीत तो बहुधा बरोबरही ठरायचा.

मीही काही कमी नव्हतो. पेटीतली एक रिकामी सुई काढली, दंडाला टेकवली आणि 'आई गं' म्हणून तोंड वाकडं केलं. राघूबाबानं ते नाटक शांतपणे पाहिलं. "शिशीतलं घ्या," तो म्हणाला. "ह्यात नुस्ता वारा हाय."

शेवटी तडजोड झाली. त्याच्या सात म्हशींपैकी सगळ्यात म्हातारी, आटलेली आणि तिरसट म्हैस त्यानं पुढे केली. "हिला टोचा. नि तुमी बसा."

"किती वेळ?"

"हिचं काय होतंय ते दिसूस्तवर."

सकाळी दहाला टोचलेल्या त्या म्हशीसमोर मी दिवस कलेपर्यंत बसलो. मधल्या वेळात नाचणीची भाकरी आणि कवडीचं दही मिळालं, पण त्याबरोबर उलटतपासणीही मिळाली. भाऊ किती? आई कुठली? नात्याला विहिरीचं पाणी किती हातांवर? घरावर कौलं की पत्रा? पत्रा असेल तर पावसात आवाज किती होतो? मला वाटलं, या माणसाला आपल्यावर चोरीचा आळ घालायचाय आणि त्याची तयारी चालली आहे. उन्हं उतरली तेव्हा म्हैस निवांत रवंथ करत होती. राघूबाबानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आज तरी जगली. बाकीच्या सा फुडल्या खेपंला."

"सगळ्या एकदम ना?"

"येकेक."

सात म्हशींसाठी मी सात वेळा तो डोंगर चढलो. अहवालात लिहिलं, 'पशुपालकांचे सहकार्य मिळाले.'

माणसांची ही तऱ्हा, तर खाण्याच्या वस्तूंची त्याहून कडक. बाहेरून आलेली कुठलीही खायची वस्तू आधी वाघ्याच्या तोंडी जायची. वाघ्या म्हणजे त्याचा कुत्रा. रेशनची साखर, पोलादपूरच्या बाजारातली भजी, निवडणुकीतले लाडू, मी नेलेली केळी, सगळ्याचा पहिला मान वाघ्याचा. मग राघूबाबा बिडी पेटवायचा आणि कुत्र्याकडे बघत बसायचा. बिडी संपेपर्यंत वाघ्या धडधाकट असला तर वस्तू पास. घरी आलेल्या पाहुण्यानं तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं. अख्ख्या वाडीत वाघ्याइतकी पक्वान्नं कोणी खाल्ली नसतील.

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की राघूबाबाचा सगळ्यात मोठा संशय माणसांवर नाही, डोंगरावर आहे. त्याची शेती म्हणजे एक लांबलचक संशयच होता. वर माळाच्या कडेला नाचणी, मधल्या उतारावर वरी, आणि पार खाली ओढ्याच्या काठी दगडी ताली रचून केलेलं, चार माणसं झोपतील एवढं भाताचं खाचर. एकदा शेतीखात्याचे एक नवे साहेब माझ्याबरोबर वर आले होते. तिन्ही तुकडे बघून त्यांची चांगलीच दमछाक झाली.

"बाबा, सगळं एकाच जागी का नाही करत? मेहनत वाचेल," साहेब म्हणाले.

"डोंगूर येका टायमाला येकाच जागी फसवतो," राघूबाबा म्हणाला. "वरची नाचणी वाऱ्यानं झोपली तर खालचं भात हाय. खालचं व्हाळानं नेलं तर मधली वरी हाय. तिन्ही ठिकानी फसवायला त्याला येळ नसतो."

साहेबांनी मग राबाचा विषय काढला. रोपं टाकायची जागा राघूबाबा उन्हाळ्यात भाजून घ्यायचा. शेण, पातेरा, झाडांच्या कवळ्या डहाळ्या, वर गवत आणि माती असे थर रचायचे आणि पेटवून द्यायचे. तण मरतं, राख मुरते, रोप जोमानं येतं. यात लाकूडफाटा वाया जातो असं साहेबांचं म्हणणं. राघूबाबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायेब, तुमचं शेत कुठं हाय?"

"माझा अलिबागला फ्लॅट आहे," साहेब म्हणाले.

हा राब तो भल्या पहाटे पेटवायचा, कारण वारा दिवसा उठतो. त्याआधी तीन वेळा चिमूटभर राख हवेत सोडून वाऱ्याची दिशा बघायचा, आणि तिन्ही वेळा राख एकाच बाजूला गेली तरी चौथ्यांदा सोडायचा. गवताची एक मोठी उडवी न रचता सात लहान उडव्या लांब लांब रचायचा, म्हणजे वणव्याला एकदम सगळ्या सापडायला नकोत. बियाण्याचीही तीच गत. थोडं चुलीवरच्या माळ्यावर धुरात, थोडं राखेत पुरलेल्या मडक्यात, आणि थोडं शेजारच्या भागूबाईच्या माळ्यावर. भागूबाई त्याची चुलत भावजय, तोंडानं फटकळ. गंमत अशी की हे तिला त्यानं सांगितलंच नव्हतं. तिनं एकदा स्वतःच्या माळ्यावर पायलीभर नाचणीचं मडकं बघितलं आणि घरात करणी झाली म्हणून आरडाओरडा केला. राघूबाबा शांतपणे म्हणाला, "माजी हाय. तुला सांगितलं असतं तर तू खाल्ली असतीस."

"मग आता काय करू?" भागूबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"आता तुला ठावं झालंय. आता ती जागा कामाची नाय," असं म्हणून तो मडकं घेऊन गेला.

म्हशींचं सगळं मात्र तो दुसऱ्या कोणावर सोडत नसे. पावसाळ्यात खालच्या खोऱ्यात चिखल, माश्या, जळवा. उभ्या उभ्या म्हशींचे खूर सडतात. म्हणून ज्येष्ठ सरता सरता म्हशी वरच्या माळावर. तिथं वारा इतका की माशीला बसायची सोय नाही, आणि खडकाळ जमिनीवरून पाणी निथळून जातं. दिवाळीनंतर खाचरं मोकळी झाली की थोडं खाली, उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या सावलीला. माळावर धुकं उतरलं की हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, म्हणून प्रत्येक म्हशीच्या गळ्यात वेगळ्या आवाजाची घंटा. आवाज वेगळा यावा म्हणून तो स्वतः कानस घेऊन घंटा घासत बसायचा. "धुक्यात डोळ्यांवर इस्वास ठेवला तो गेला," म्हणायचा. दाट धुक्यात ओसरीवर बसून तो मला सांगायचा, "मोरी पान्यावर गेली. ती तिरसट मागं ऱ्हायली." मी तपासून बघायला जायचो, कारण तोवर मलाही संशयाची लागण झाली होती. आणि मोरी पाण्यावर असायची.

या लागणीतूनच पुढचं झालं. तिसऱ्या वर्षी पशुगणना आली. मी वही उघडून विचारलं, "म्हशी किती?"

"सात."

गोठ्यात डोकावलो. म्हशी सातच होत्या. पण दावी आठ होती. आठव्या खुंट्याला नवं, घट्ट वळलेलं दावं बांधलेलं, खाली जमीन झाडून घेतलेली, आणि समोर गवताचा हिरवागार भारा. बाकीच्या सातजणींपुढे होतं त्यापेक्षा चांगलं, कोवळं गवत.

"ही आठवी कुठंय?"

"कुठली?"

"हे गवत कुणाचं मग?"

"गवत म्हशीचं असतंय," राघूबाबा म्हणाला आणि डोळे आणखी बारीक केले.

झालं. माझी खात्री पटली. तेव्हा डोंगरात अशी आवई उठली होती की ढोरं मोजून चराईवर बंदी घालणार. बाबानं एक म्हैस रानात कुठंतरी दडवलीये! ज्या माणसानं मला सात वेळा डोंगर चढायला लावला, तो आता आयता सापडला होता. सरकारी कामापेक्षा सूड घ्यायचा आनंद मोठा होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या आठवड्यात, आषाढातल्या एका पहाटे, वर्दी न देता मी चढलो. गोठ्यामागच्या करवंदीच्या जाळीत दबा धरून बसलो. धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता, जळवा पायाला लागत होत्या आणि सरकारी नोकरीची मला प्रथमच मनापासून लाज वाटत होती. राघूबाबा इरलं घेऊन आला. सात दाव्यांपुढे गवत टाकलं. मग आठव्या दाव्याशी गेला. खाली बसला, हातानं काडीकाडी निवडून गवत पसरलं. दावं ओढून बघितलं, ढिलं वाटलं असावं, पुन्हा बांधलं. मग तिथंच बिडी पेटवून बसला. कुठलीच म्हैस आली नाही. बिडी संपली. त्यानं ते न शिवलेलं गवत उचललं आणि बाकीच्यांपुढे वाटून टाकलं.

तेवढ्यात वाघ्यानं मला शोधून काढलं आणि माझं तोंड चाटायला सुरुवात केली. मी पळालो तो थेट भागूबाईच्या दारात.

"येवढ्या सकाळी जाळीत काय करत व्हता?" तिनं विचारलं. सगळ्या वाडीनं मला पाहिलं होतं म्हणे. मग तिनं चहा दिला आणि सगळं सांगितलं.

राघूबाबाची बायको केव्हाच वारलेली. एकच मुलगी, कमळ. तिला खाली सावित्रीच्या काठच्या एका गावात दिली. जावई शंकर त्यांच्याच समाजातला, पण दोन पिढ्यांपूर्वी डोंगर सोडून खाली उतरलेल्या घरातला. महाडच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला, शिफ्टची नोकरी. लग्नात राघूबाबानं मुलीला आंदण म्हणून आपली सर्वात चांगली म्हैस दिली, काजळी. या माळावरच्या लोकांत रीत अशी की आंदणाची म्हैस पावसाळ्यात माहेरी येते. खालच्या चिखलात तिचे खूर सडू नयेत म्हणून मुलगी तिला घेऊन वर चढते, चार दिवस माहेरपण करते, आणि म्हैस दिवाळीपर्यंत बापाच्या गोठ्यात राहते.

"मग ती येत का नाही?"

"पेढ्यापायी," भागूबाई म्हणाली.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कमळ अशीच काजळीला घेऊन माहेरी आलेली. तिला न्यायला जावई पहिल्यांदा आला तो महाडहून पेढ्यांचा पुडा घेऊन. राघूबाबानं पुड्यातला पेढा उचलला आणि सगळ्यांसमोर वाघ्यापुढे टाकला. बिडी पेटवली. जावई उभा, कमळ उभी, सगळी वाडी बघतेय, आणि हा कुत्र्याकडे टक लावून बसलेला. पेढा खाऊन वाघ्या सुस्तावला आणि झोपला.

"झोपला," राघूबाबा म्हणाला.

"तो रोजच झोपतो रे बा!" कमळ रडकुंडीला येऊन म्हणाली.

"असंल बी नि नसंल बी."

शंकरनं चपला पायात घातल्या. "ज्या घरात माज्या हातच्या पेढ्याची कुत्र्याकडनं परीक्षा व्हते, त्या घरात मी पाय ठेवनार नाय. माजं मानूस बी येनार नाय." आणि तो काजळीला आणि कमळला घेऊन उतरला. त्याला तीन पावसाळे झाले होते. दरम्यान कमळला मुलगी झाली. राघूबाबानं नातीचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तुम्ही समजवा ना दोघांना," मी म्हणालो.

"ह्याला? ह्याला देवानं समजावलं तरी देवाला आधी परसाद खाऊन दाखव म्हनंल."

पशुगणनेच्या वहीत मी सात म्हशी लिहिल्या. त्यानंतर राघूबाबाला त्या दाव्याबद्दल काही विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या वर्षीचा पाऊस जरा वेगळाच होता. महाडच्या बाजारात पाणी शिरणं काही नवं नाही, पण त्या वर्षी तो थांबेचना. अशात माचीवाडीहून निरोप आला, मोरी अडलीये. मी चढलो. तीन तास खटपट करून पारडू बाहेर काढलं, जिवंत. तोवर खालचा ओढा असा फुगला की परतायची वाट बंद झाली. दोन दिवस मी राघूबाबाच्या ओसरीवर अडकून पडलो. तिसऱ्या सकाळी पाऊस थोडा उघडला. माळ धुक्यानं भरलेला. आम्ही चहा पीत होतो. राघूबाबानं एकदम कप खाली ठेवला.

"काय झालं?"

त्यानं हातानंच गप्प राहायला सांगितलं. मलाही मग ऐकू आली. खालून, उताराकडून, एक चिरक्या आवाजाची घंटा.

"काजळी," तो म्हणाला. आणि लगेच, "घंटा चोरून कोनी दुसऱ्या म्हशीला बांधली असंल."

धुक्यातून आधी शिंगं दिसली, मग चिखलानं माखलेली म्हैस. ती एकटी होती. कुणाकडेही न बघता ती अंगण ओलांडून सरळ गोठ्यात गेली आणि आठव्या दाव्यापाशी उभी राहिली. गवत सकाळीच टाकलेलं होतं. तिनं खायला सुरुवात केली. तिच्या गळ्यात दाव्याचा एक तुकडा लोंबत होता. राघूबाबानं तो हातात घेतला, बोटं फिरवली.

"तुटला नाय. तुटला असता तर पीळ इस्कटला असता. कोयत्यानं कापलाय."

"म्हणजे?"

"गोठ्यात पानी शिरलं. गाठ सोडाया येळ नव्हता."

एवढं बोलून तो थांबला. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, असंल बी नि नसंल बी. मला ते ऐकायचं होतं. देवाशपथ, त्या क्षणी मला त्या वाक्याइतकी कशाचीच गरज नव्हती. पण ते आलं नाही. घराच्या दाराला तीन गाठी मारल्याशिवाय अंगणाबाहेर न पडणारा तो माणूस दार उघडं टाकून, इरलंही न घेता, काठी उचलून उताराला लागला. मागे वाघ्या, वाघ्यामागे मी.

ओढ्याशी पोचलो तेव्हा पलीकडच्या काठावर तीन माणसं होती. शंकर, त्याच्या खांद्यावर लहान मुलगी, आणि मागे पदर खोचलेली कमळ. जिवंत, चिखलानं माखलेली, थकलेली. राघूबाबा मटकन खाली बसला. मी त्याच्याकडे न बघता दुसरीकडे बघितलं.

शंकरनं आम्हाला पाहिलं आणि पाण्यात उतरायला पाय पुढे टाकला. राघूबाबा ताडकन उठला, काठी वर केली आणि ओरडला, "थांब! पान्यात पाय घालशील तर बघ!"

ओढा काही फार रुंद नव्हता, पंधरा पावलांचा. शंकरचं उत्तर नीट ऐकू आलं.

"का मामा? आता पान्याला बी आधी कुत्रा दाखवनार काय?"

तो खरंच उतरला असता. पण वरच्या वळणावरून एक अख्खं झाड, मुळांसकट, गरगरत आलं आणि तो पाय टाकणार होता त्याच जागेवरून गेलं. शंकर मागे सरकला. कमळनं मुलीला त्याच्या खांद्यावरून ओढून छातीशी धरलं.

राघूबाबानं पाण्याच्या काठाला लागून आत जाणाऱ्या तीन दगडांकडे काठी रोखली. दोन बुडालेले, तिसरा तर दिसतही नव्हता, पाणी कुठं उसळतं त्यावरून कळत होता. "पाऊस थांबलाय," तो पलीकडे ओरडला. "डोंगरातलं पानी चढतं तसं उतरतं. हा तिसरा दगूड उघडा पडंल तवा या. तवर बसा."

ते बसले. आम्ही बसलो. मधे ओढा. पलीकडे ती लहान मुलगी आजोबाकडे टकामका बघत होती आणि आजोबा दगडांकडे बघत होता, नजर वर न करता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "डाक्टर, त्या पेढ्यात काय नव्हतं."

"माहीत आहे बाबा."

"मला बी तवाच ठावं व्हतं."

"मग कुत्र्याला कशाला दिला?"

पहिला दगड उघडा पडला होता. त्यानं तो बघितला, मग म्हणाला, "त्यो आला तो उभ्या उभ्याच बोलला, शिप्ट हाय, निघतो. कमळीनं पिशवी भरून दाराशीच ठेवलेली. पानी पन प्याले नाय. म्हटलं, वाघ्याला घालतो. येक बिडी संपूस्तवर तरी बसतील."

मला ती तिरसट म्हैस आठवली, जिच्यासमोर मी दिवसभर बसलो होतो. सात वेळा चढलेला डोंगर, सातही वेळा मिळालेली भाकरी, विहिरीचं पाणी किती हातांवर, पत्र्यावर पावसाचा आवाज किती. इतकी वर्षं मी ज्याला उलटतपासणी समजत होतो ती त्या माणसाच्या गप्पा होत्या. मी किती घाईघाईनं एकेका शब्दात उत्तरं दिली होती, तेही आठवलं. स्वतःचा राग आला.

दुपार झाली तेव्हा तिसरा दगड उघडा पडला. तरी राघूबाबानं आणखी थोडा वेळ जाऊ दिला, मग काठीनं चाचपत स्वतः आत शिरला आणि आधी नातीला, मग कमळला हाताला धरून आणलं. शंकर मागून आपला आपण आला. रात्री पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा त्यानंच काजळीचं दावं कापलं होतं. घरातली माणसं उंचावरच्या शाळेत गेली, पण कमळनं धोशा लावला की काजळी वर पोचली तर बा काय समजेल, त्याला जाऊन सांगायला हवं. म्हणून उजाडताच ते पुलावरून वळसा घालून निघाले होते.

घरी पोचलो. कमळ आधी गोठ्यात गेली. आठवं दावं, झाडलेली जमीन, गवत खाणारी काजळी. तिनं दाव्यावरून हात फिरवला. ते जुनं नव्हतं, त्याच वर्षी वळलेलं होतं. "दर वर्साला?" तिनं भागूबाईला विचारलं. भागूबाईनं मान हलवली. कमळ म्हशीच्या पाठीत तोंड खुपसून रडली.

शंकर अंगणातच उभा. ओसरीची पायरी चढला नव्हता. सगळी वाडी जमली होती आणि सगळ्यांना या घरात पाय न ठेवण्याचा त्याचा शब्द आठवत होता. त्यानं खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. शाळेत कोणीतरी वाटलेला, पाण्यानं फुगलेला, आतल्या बिस्किटांचा लगदा झालेला. त्यानं त्यातला एक गोळा काढला आणि राघूबाबाकडे न बघता वाघ्यासमोर धरला.

"घे रे," तो म्हणाला. "आधी तुजा मान."

वाघ्या मानाचा मानकरी, तो पुढे झाला. पण राघूबाबा वाकला, कुत्र्याच्या तोंडासमोरून तो लगदा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. गिळून टाकला. वाघ्यानं आधी मालकाकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्याची नोकरी मीच घालवली होती.

आता राघूबाबाची खरी पंचाईत झाली. परीक्षा होऊन गेली होती, बिडी पेटवायला कारण उरलं नव्हतं, आणि माणसं बसवून ठेवायची दुसरी कुठलीच युक्ती त्याला ठाऊक नव्हती. तो दोन्ही हात लोंबते सोडून उभा राहिला.

"शिप्ट असंल तुमची," शेवटी तो जावयाला म्हणाला.

शंकरनं त्याच्याकडे बघितलं. मग ओल्या चपला काढल्या, पायरी चढला आणि ओसरीवर भिंतीला टेकून पाय पसरून बसला.

"चा टाकाया सांगा, मामा," तो म्हणाला. "आमी काय लगीच जात नाय."